टेकडीभोवतीची शर्यत

३ जून १८३७, शनिवार. हाइड पार्क मागे पडलं, केन्सिंग्टनची बागही संपली आणि लंडन शहर तिथेच थांबलं. पुढे अक्सब्रिजकडे जाणारा रस्ता, दोन्ही अंगांना शेतं आणि कुरणं. या भागाला नॉटिंग हिल म्हणतात. पण आज इथे गुरांपेक्षा बग्ग्या जास्त आहेत. तुम्ही पायीच चला. चाकांपासून सांभाळून, रस्त्याची कड धरून.

रस्ता सोडून उजवीकडे वळलात की मोठं प्रवेशद्वार लागतं. इथे आज ‘हिपोड्रोम’ हे नवं शर्यतीचं मैदान उघडतं आहे. जॉन व्हाइट नावाच्या गृहस्थांनी जमीनदार जेम्स वेलर लॅडब्रोक यांच्याकडून १४० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि तिच्याभोवती सात फूट उंच लाकडी कुंपण घातलं. एप्सम लांब, अ‍ॅस्कट त्याहून लांब. लंडनच्या उंबऱ्यावर मैदान असेल तर उमरावही येतील आणि दुकानदारही, हा त्यांचा हिशेब. व्यवस्था पाहणाऱ्यांत लॉर्ड चेस्टरफील्ड आणि काउंट डॉर्से आहेत. डॉर्सेंच्या कोटाची शिवण सारं लंडन न्याहाळतं. विंडसरला राजा विल्यम अंथरुणाला खिळला आहे. त्याची अठरा वर्षांची पुतणी व्हिक्टोरिया आणखी सतरा दिवसांनी राणी होईल.

आत शिरलात की आधी टेकडी चढा. व्हाइट यांनी ही जागा का निवडली, ते वर पोचल्यावर कळेल. इतर मैदानांवर घोडे समोरून भर्रकन निघून जातात आणि मग लांबवर नुसते ठिपके दिसतात. इथे धावपट्टी टेकडीला वळसा घालते. तुम्ही जागेवरून हलायचं नाही, फक्त मान वळवत राहायची. घोडे तुमच्याभोवती फिरतात. निसर्गाने आयती प्रेक्षागॅलरी बांधून ठेवली होती, ती या माणसाच्या नजरेने हेरली. त्या नजरेला दाद दिलीच पाहिजे.

आता पश्चिमेकडे पाहा. कुंपणापलीकडे धूर दिसतो ना? ती ‘पॉटरीज’, कुंभारांची आणि वीटवाल्यांची वस्ती. इथल्या पिवळट चिकणमातीवर त्यांच्या भट्ट्या पेटतात. त्यांच्या शेजारी शहराच्या आतल्या भागातून हुसकावलेले डुक्करपाळ राहतात. लंडनच्या स्वयंपाकघरांतलं खरकटं गोळा करून आणायचं आणि त्यावर डुकरं पोसायची, हा त्यांचा धंदा. वारा तिकडून आला की टेकडीवरच्या बायका नाकाला रुमाल लावतात.

या मैदानाची खरी गोष्ट खाली कुंपणापाशी घडते आहे. टेकडी उतरा.

या जमिनीतून एक जुनी पायवाट जात होती. कामावर जाणारे, बाजाराला निघालेले, रविवारी मोकळ्या हवेत फिरायला आलेले, सगळे ती तुडवत. व्हाइट यांनी ती कुंपणाने अडवली. वहिवाटीचा रस्ता असा बंद करायचा अधिकार त्यांना नव्हता. आज सकाळी लोक कुऱ्हाडी आणि करवती घेऊन आले आणि पायवाट जिथे आत शिरत होती, नेमक्या त्याच जागी त्यांनी फळ्या कापून भगदाड पाडलं. त्या भगदाडातून हजारो माणसं फुकट आत येत आहेत. बघा त्यांच्याकडे. फाटक्या टोप्या, मातीने माखलेले बूट, खांद्यावर पोरं. उद्या वर्तमानपत्रांतून त्यांची गणना घाणेरड्या झुंडीत होईल. पण कुंपण कापण्यासाठी त्यांनी निवडलेली जागा पाहिलीत, तर त्यांना आपल्या हक्काची किती नेमकी जाण होती ते दिसतं. पुढे तर पॅरिशचा रस्ते-अधिकारीच मजूर आणि पोलीस घेऊन आला आणि त्याने ती वाट रीतसर मोकळी करून दिली.

व्हाइट स्वस्थ बसले नाहीत. तुम्ही आता एक वर्ष पुढे या. १८३८ मध्ये पायवाट बंद करण्यासाठी पार्लमेंटमध्ये विधेयक आलं. त्याविरुद्ध स्थानिकांनी अर्जांवर अर्ज केले आणि ते बारगळलं. साध्या माणसांनी उमरावांच्या खेळासमोर आपली वाट राखली. मला या सगळ्या इतिहासात हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. शेवटी १८३९ मध्ये व्हाइट यांनी वादातला पश्चिमेकडचा तुकडा सोडला, मैदान ईशान्येला वाढवलं आणि नव्या राणीच्या नावावरून त्याचं ‘व्हिक्टोरिया पार्क’ असं नामकरण केलं.

नाव बदललं तरी माती तीच राहिली. पाऊस पडून गेल्यावर धावपट्टीवर पाय ठेवून पाहा. बूट रुततो आणि उचलताना ढेकूळ बरोबर येतं. या मातीतून पाण्याचा निचरा होत नाही. वर्षातला बराच काळ इथे घोड्यांचा सराव अशक्य, आणि रुतलेल्या खुरामुळे मोडलेल्या पायाची भीती कायमची. जॉकी इथे उतरायला नकार देऊ लागले. ज्या चिकणमातीवर पलीकडे कुंभारांची चूल पेटत होती, तिनेच अलीकडे मैदानाचा घास घेतला.

जून १८४१. तुम्ही शेवटच्या शर्यतीला आला आहात. अडथळ्यांवरून उड्या घेणाऱ्या या घोड्यांची चित्रं हेन्री आल्केन काढून ठेवील, म्हणून आपल्याला ती आजही पाहता येतात. चार वर्षांत जेमतेम तेरा वेळा इथे शर्यती भरल्या. यानंतर व्हाइट यांनी भाडेपट्टा सोडला आणि बांधकामवाले आले. १८४५ मध्ये टेकडीच्या माथ्यावर सेंट जॉन्स चर्च उभं राहिलं. त्याभोवती लॅन्सडाउन क्रेसेंट, एल्गिन क्रेसेंट, ब्लेनहाइम क्रेसेंट असे चंद्रकोरीसारखे रस्ते आखले गेले. नकाशा समोर धरा. रस्त्यांचे ते वळसे पाहून घोड्यांची फेरी डोळ्यांपुढे उभी राहते.

आजच्या काळात परत आलात की या घरांमागच्या बागा बघायला जा, पण बाहेरूनच. त्या तिथल्या रहिवाशांच्या सामाईक बागा आहेत आणि फाटकाची किल्ली त्यांच्याकडेच असते. १९९९ च्या ‘नॉटिंग हिल’ चित्रपटात नायक-नायिका रात्री कुंपण चढून उतरतात, ती बाग यांतलीच. पॉटरीजच्या लोकांना त्या घरांत मोलमजुरीला जाता आलं, बागेत बसायला नाही. त्यांच्या वस्तीत मुलं पटापट दगावत होती आणि १८५० मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकात तिथल्या घाणीचं वर्णन छापून आलं, तरी सुधारणा व्हायला कित्येक वर्षं गेली.

हिपोड्रोम प्लेस आणि हिपोड्रोम म्यूज हे दोन छोटे रस्ते मैदानाचं नाव सांगतात. तिथून वॉल्मर रोडवर वळलात की फुटपाथला लागूनच विटांची बाटलीच्या आकाराची उंच भट्टी दिसेल. कुंभारांच्या त्या वस्तीतली ही एकच भट्टी शिल्लक आहे.