बेकार भत्ता आणि कसबाची अट : वर्ध्याच्या इतिहासातून

गेल्या वर्षावासात आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या विहारात ग्रंथवाचन आटोपल्यावर मंडळी गप्पा मारीत बसली होती. गोष्ट निघाली बेकार पोरांची. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "सरकारने बेकारांना पैसे द्यावेत, माझी ना नाही. पण आधी कसब शिकायची अट घातली पाहिजे. फुकट खायची सवय लागली की माणूस कामातून जातो." त्यावर कोपऱ्यातला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, म्या फिटरचा आयटीआय केला. वर्षभर शिकाऊ राह्यलो. आता अजून काय शिकू थे तरी सांगा."

गुरुजी गप्प झाले. ते प्रामाणिक आहेत आणि आमच्या चळवळीतले आहेत. 'शिका' हा शब्द त्यांच्या पिढीने छातीशी धरला, म्हणून शिकण्याच्या अटीत त्यांना काही वावगे दिसत नाही. त्यांच्या मताची टिंगल करून हा प्रश्न सुटणार नाही. परंतु या मताला इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आमच्याच जिल्ह्याच्या मातीत घडला आहे, तो त्या दिवशी मला सांगता आला नाही. म्हणून हा लेख.

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. जे. सी. कुमारप्पा तिथे राहून काम करू लागले. घाणी, हातकागद, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ, असे अनेक उद्योग शिकविले जाऊ लागले. खेड्यातला माणूस वर्षातले कित्येक महिने रिकामा असतो. त्याला भीक घालू नका, काम शिकवा, हा या सगळ्यामागचा विचार होता. तो विचार खोटा नव्हता. कपाशीची वेचणी संपल्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंत आमच्याकडच्या शेतमजुराच्या चुलीची काय दशा होते, हे आम्हाला कुणी सांगायला नको.

प्रश्न होता तो कोणी काय शिकायचे हा. वर्ध्याजवळच्या नालवाडीला विनोबांचे सहकारी गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. मेलेल्या जनावराचे कातडे शास्त्रीय पद्धतीने कमवावे, हाडांचे खत करावे, काहीही वाया जाऊ नये, असा उद्देश. वाळुंजकरांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण आश्रमातला कार्यकर्ता कातडे कमवायला बसतो तेव्हा ती त्याची साधना होते. उद्या तो उठून दुसरे काम करू शकतो. आमच्या माणसाला मात्र त्या कामातून उठायचीच मुभा नव्हती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा, मृतमांस सोडा, अशी हाक दिली. ती विदर्भातही पोचली. घरात भाकर नसताना लोकांनी ते काम सोडले, गावाचा बहिष्कार सोसला. एकीकडे लोक जिवावर उदार होऊन एक धंदा टाकीत होते, आणि दुसरीकडे तोच धंदा सुधारून शिकविण्याची शाळा निघत होती. दोन्ही बाजूंना स्वावलंबन हाच शब्द होता. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ ज्याने ध्यानात घेतले नाहीत, त्याला आजच्या प्रशिक्षणाच्या अटीतले दुखणे समजायचे नाही.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली. तीतून नई तालीम निघाली. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात अहवाल दिला आणि पुढच्या वर्षी हरिपुऱ्याच्या काँग्रेसने ती योजना उचलली. हस्तोद्योगातून शिक्षण, आणि मुलांनी केलेल्या मालातून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार निघावा, अशी मूळ कल्पना. प्रा. के. टी. शहा यांनी तेव्हाच शंका घेतली होती की, शाळांतला हा माल बाजारात आला तर धंदेवाईक कारागिराच्या पोटावर पाय येईल. नई तालीम सर्व जातींच्या मुलांसाठी होती, हे मी मान्य करतो. ब्राह्मणाच्या मुलाच्या हातीही टकळी द्यायची होती. पण ज्यांना इंग्रजी शाळा परवडत होती त्यांनी आपली मुले तिथेच ठेवली. ज्या योजनेत शिकण्याचे मोल मुलाने आपल्या हातांनी फेडायचे असते, तिच्यात शेवटी कोणाचे हात उरतात, हे वेगळे सांगायला नको.

आता कसबाविषयीच बोलू. बेकार माणसाला कसब येत नाही म्हणून तो बेकार, असे अट घालणारा गृहीत धरतो. नागपूर-वर्ध्याकडच्या महारांना कसब येत नव्हते काय? या भागातले कित्येक महार पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणीत आले. गिरणीचे कापड आगगाडीने खेड्यात आले आणि घरातले माग बंद पडले. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल निघाली; पुढे हिंगणघाट-पुलगावला गिरण्या आल्या. आमचे लोक गिरण्यांत शिरले. तिकडे मुंबईच्या गिरण्यांत काय चालले होते ते पाहा. विणकामाच्या खात्यात मजुरी अधिक, आणि त्या खात्यात अस्पृश्याला मज्जाव. का? तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठांनी ओला झालेला धागा सवर्ण विणकराला चालत नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी धरून लावली. ज्याच्या घराण्याने शतकभर माग चालविला त्यालाही विणकाम खात्याचे दार बंदच होते. त्या माणसाला कोणते प्रशिक्षण द्यायला हवे होते? प्रशिक्षणाची गरज होती ती शेजारच्या मागावर उभ्या असलेल्या माणसाला.

१९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी मगनवाडीहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. त्याच वर्षी बाबासाहेबांचा जातिनिर्मूलनाचा प्रबंध छापून आला. त्यातला एक मुद्दा आमच्या वक्त्यांच्या तोंडी फारसा येत नाही, आणि माझ्या मते तोच या विषयाचा कणा आहे. जात माणसाला धंदा बदलू देत नाही. उद्योगांची स्थिती पालटते, एका धंद्यातले काम आटते, दुसऱ्यात वाढते, तरी माणूस जन्माच्या खुंट्याला बांधलेला राहतो. म्हणून या देशातल्या बेकारीचे एक थेट कारण जातिव्यवस्था आहे, असे त्यांनी तिथे मांडले. अर्थशास्त्राचा पंडित बोलत होता, नुसता चळवळीचा पुढारी नव्हे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा यावर गांधीजींचा लेख आला. एकाला माणूस त्या कामातून सोडवायचा होता. दुसऱ्याला ते काम उत्तम रीतीने करणारा माणूस घडवायचा होता.

मग बाबासाहेब प्रशिक्षणाच्या विरुद्ध होते काय? मुळीच नाही, आणि गुरुजींच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा इथेच आहे. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धकाळातल्या तंत्रशिक्षणाच्या योजना त्यांच्या खात्याखाली होत्या. त्याच ऑक्टोबरात व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शास्त्र आणि तंत्रविद्येच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आमच्या मुलांना उमेदवारी मागितली. पुढच्या वर्षी केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. हा क्रम नीट पाहावा. छापखाना आणि रेल्वे ही नवी, जातीच्या बाहेरची कामे. तिथे शिकायला जागा. आणि शिकून झाल्यावर नोकरीतही जागा. युद्धाने कारखान्यांना माणसे हवी केली होती, म्हणून सरकार विद्यावेतन देऊन शिकवीत होते. आधी काम होते, मग शिक्षण आले. बाबासाहेबांनी आमच्यासाठी प्रशिक्षण मागितले ते हक्क म्हणून. उपाशी माणसाच्या भाकरीपुढे आडवी घालायची काठी म्हणून नव्हे.

महाराष्ट्राने पुढे या बाबतीत देशाला वाट दाखविली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली. १९७२-७३ च्या दुष्काळात तिने लाखो माणसे जगविली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. गावातला कोणीही प्रौढ अंगमेहनतीचे काम मागायला येवो, त्याला काम द्यायचे; पंधरा दिवसांत दिले नाही तर दिवसाला एक रुपया बेकार भत्ता. एक रुपया! त्यात काय यायचे? तो रुपयासुद्धा पदरात पाडून घेणे सोपे नव्हते. तरीही त्या कायद्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. तुला काय येते, असे त्याने विचारले नाही. काम देता आले नाही तर चूक सरकारची, भुर्दंड सरकारला, असा त्याचा रोख होता. दंड कोणावर बसतो यावरून कायद्याची नियत ओळखावी. हमीवर वर्षानुवर्षे खडी फोडून माणूस खडीफोड्याच राहिला, हा आक्षेप मात्र खरा आहे. ज्यांनी नालाबांध आणि पाझर तलाव बांधले त्यांना त्या बांधकामाची विद्या कोणी दिली नाही; ओव्हरसियर दुसराच राहिला. हमीला शिक्षणाची जोड हवीच होती. पण मजूर मागेल तेव्हा, आणि मजुरी चालू ठेवून.

आता आपल्या काळात येऊ. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्राने विश्वकर्मा योजना सुरू केली, आणि तिच्या वर्षपूर्तीचा सोहळा २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत झाला तो वर्ध्यात. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी, टोपल्या-झाडू करणारे असे अठरा धंदे तिच्यात आहेत. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजार, आणि प्रशिक्षण घेतल्यावर पाच टक्के व्याजाने एक लाखाचे पहिले कर्ज. गरीब कारागिराला याचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. स्वस्त कर्ज सावकारापेक्षा केव्हाही बरे. पण योजना ज्या कामांना कुटुंबाचे परंपरागत धंदे म्हणते त्यांची यादी वाचताना मला आमच्या गावच्या बलुत्यांची यादी आठवते. तामिळनाडूला ती खटकली. १९५३ मध्ये राजाजींनी मुलांना अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली होती. द्रविड चळवळीने ती कुलधंद्याचे शिक्षण म्हणून झोडपली आणि पुढच्याच वर्षी कामराजांनी ती मागे घेतली. ती आठवण तिकडे जिवंत आहे. म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात त्या राज्याने विश्वकर्मा योजना आहे त्या रूपात राबविणार नाही असे कळविले. सोहळा आमच्याकडे झाला, हरकत तिकडून आली. यावर आमच्या जिल्ह्यातल्या संघटनांनी विचार करायला हवा होता.

२०२४ मध्येच राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय वा पदविका असलेल्याला आठ, पदवीधराला दहा. मुदत सहा महिने, ती पुढे वाढली. बेकाराला मिळणारा पैसा आणि प्रशिक्षणाची हजेरी यांची ही थेट गाठ. मुदत संपत आली तशी पोरे रस्त्यावर उतरली, आम्हाला कायम करा म्हणून. पोरांचे काय चुकले? सहा महिने कचेरीत काम केल्यावर काम येते, हे त्यांनी सिद्ध केले होते. काम येते पण जागा नाही, एवढेच त्यांना कळले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यातही मूळ कलम २२ असे होते की, उमेदवारी पुरी केलेल्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. पुढे २०१४ मध्ये ते बदलले, तरी धोरण ठरवायचे ते मालकानेच. शिकणाऱ्यावर हजेरीची, मुदतीची, परीक्षेची अट. जो त्याच्या श्रमावर सहा महिने कारखाना चालवितो त्याच्यावर अट नाही.

संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारीत सार्वजनिक साहाय्याचा हक्क असे तीन हक्क एकाच वाक्यात आले आहेत. ते मार्गदर्शक तत्त्व आहे आणि राज्याच्या ऐपतीची मर्यादा त्याला आहे, हे खरे. पण एक घेतल्याशिवाय दुसरे मिळणार नाही असे तिथे लिहिलेले नाही.

हे सगळे मी नंतर एका संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर त्यांना सांगितले. त्यांना अर्धे पटले. म्हणाले, "अट नको म्हणतोस, ठीक. पण मग आमची पोरं चौकात बसतील, त्याचं काय?" मी म्हटले, नाव नोंदविल्या दिवसापासून भत्ता मिळू द्या. शिकायचे त्याला शिकू द्या, पण काय शिकायचे ते त्याला ठरवू द्या, आणि ज्या कारखान्यात तो शिकेल तिथल्या जागांत त्याचा वाटा आधी लिहून घ्या. गुरुजींनी मान हलविली, होकाराची की नकाराची ते समजले नाही. तो फिटर मुलगा सध्या एका जिनिंगमध्ये हंगामी आहे. कपाशीची आवक चालू आहे तोवर काम आहे. यंत्र बिघडले की दुरुस्त तोच करतो. हजेरीपटावर मात्र त्याच्या नावापुढे 'अकुशल' असेच लिहिलेले असते.