थॉमसची टेस्ट आणि माझी तरंगणारी मांडी

रिलीज संपलं आणि पाठ धरली. खुर्चीतून उठलो की चार पावलं वाकूनच चालायचो. फिजिओथेरपिस्टबाईंनी पाठीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, "उताणे झोपा आणि उजवा गुडघा छातीशी घट्ट धरा." धरला, तर डावी मांडी आपोआप टेबलावरून चार बोटं वर! "थॉमस टेस्ट पॉझिटिव्ह." आता हा थॉमस कोण, हे शोधण्यात शनिवार गेला.

ह्यू ओवेन थॉमस (१८३४-१८९१). घराणं वेल्समधल्या हाडवैद्यांचं. वडील लिव्हरपूलमध्ये हाडं बसवायचे, पण डिग्री नाही म्हणून कोर्टाच्या खेपा. शेवटी त्यांनी पाचही मुलांना रीतसर डॉक्टर केलं! ह्यू रविवारी गरिबांना फुकट तपासायचा.

त्या काळी लहान मुलांना खुब्याचा क्षयरोग फार व्हायचा. सांधा दुमडलेल्या अवस्थेतच धरायचा. पण मूल टेबलावर झोपलं की पाय सरळ दिसायचा, कारण कंबर कमानीसारखी वर उचलली जायची. मांडी पोटाकडे ओढणारा मुख्य स्नायू, सोआस, निघतो कमरेच्या मणक्यांपासून आणि जाऊन चिकटतो मांडीच्या हाडाला आतून. तो आखडला की पाय सरळ करताना कंबरच पुढे खेचली जाते. म्हणजे आमच्या भाषेत बग एका मॉड्यूलमध्ये आणि एरर भलतीकडेच. थॉमसने १८७५ च्या पुस्तकात यावर सोपा उपाय दिला: चांगला पाय छातीशी घ्या, कंबर सपाट होईल आणि दुसऱ्या पायाची लबाडी उघडी पडेल. ना यंत्र, ना एक्स-रे (ते आले १८९५ मध्ये).

गंमत म्हणजे हा माणूस कट्टर विश्रांतीवादी. दुखरा सांधा लोखंडी स्प्लिंटमध्ये महिनोन् महिने जखडून ठेवायचा. क्षयावर औषधच नव्हतं, त्यामुळे त्याचं चूक म्हणवत नाही. शिवाय त्याच्याच स्प्लिंटने, भाचा रॉबर्ट जोन्समुळे, पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेले कितीतरी सैनिक वाचले. आणि आज त्याच्याच टेस्टनंतर मला सांगतात काय, तर उठा, हला!

असो. माझा सांधा धड आहे, नडली ती खुर्ची. व्यायाम असा: डावा गुडघा जमिनीवर, उजवं पाऊल पुढे. डावं कुल्लं आवळायचं, माकडहाड आत घ्यायचं आणि मग किंचित पुढे सरकायचं. तीस सेकंद. कंबर वाकवली तर ताण बसल्यासारखा वाटतो, पण ती तीच जुनी लबाडी. सूर्यनमस्कारात पाय मागे जातो तेव्हाही हाच स्नायू ताणला जातो (शाळेत पी.टी.च्या तासाला मी नेमका तोच पाय अर्धवट टाकायचो). नुसतं ताणून भागत नाही म्हणून उभं राहून गुडघा कमरेच्या वर उचलून धरायचा, दहादा. आणि दर तासाला खुर्ची सोडायची.

सहा आठवडे झाले. काल परत टेबलावर झोपलो. डावी मांडी दोन बोटांवर आलीय. उजवीही थोडी वरच असते, हे मात्र कालच कळलं.