धातूचे खिळे जुने, वाचक नवा : कोरियन ग्रंथसंस्कृतीची कथा

१/ धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुस्तक कोरियातले आहे. ‘जिकजी’ हा बौद्ध ग्रंथ १३७७ साली छॉंगजू येथील मठात छापला गेला. मग कोरियात सामान्य वाचक घडायला आणखी ५०० वर्षे का लागली?

२/ उत्तर सत्तेत आणि लिपीत आहे. जोसॉन राजवटीने १४०३ मध्ये राजधानीत खिळे ओतण्याचा कारखाना उभारला. पण तो दरबाराचा. ग्रंथ प्रामुख्याने शास्त्रीय चिनी भाषेत आणि वाचक विद्वान अधिकारी. १४४६ मध्ये घोषित झालेली सुलभ हांगुल लिपी उच्चभ्रूंच्या लेखी दुय्यमच राहिली.

३/ हांगुलमधल्या कथा जगल्या त्या हस्तलिखितांत, भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांत आणि लाकडी ठशांवर छापलेल्या स्वस्त प्रतींत.

४/ १८८३ मध्ये सरकारी छापखाना निघाला, आधुनिक यंत्र आले. त्यावर छापलेले पहिले वृत्तपत्र ‘हानसॉंग सुनबो’ मात्र शास्त्रीय चिनीतच होते! यंत्र नवे, वाचक तोच. पुढच्याच वर्षीच्या फसलेल्या उठावात तो छापखाना जळाला.

५/ खरे वळण ७ एप्रिल १८९६ चे. सॉ जे-पिल यांचे ‘तोंगनिप सिनमुन’ केवळ हांगुलमध्ये निघाले आणि शब्दांमध्ये मोकळी जागा सोडू लागले. या लहानशा वाटणाऱ्या बदलामुळे नवशिक्यालाही वाक्य उलगडू लागले. वृत्तपत्राला चिनी अक्षरे न जाणणारे स्त्री-पुरुष अभिप्रेत होते.

६/ १९०८ च्या सुमारास छ्वे नाम-सॉन यांनी ‘सिनमुनग्वान’ प्रकाशनसंस्था उभारली. पुढच्या दशकात भडक रंगीत मुखपृष्ठांच्या स्वस्त कादंबऱ्या बाजारात आल्या. अक्षरे ठळक असत. एकाने वाचावे, घराने ऐकावे. जुन्या श्रवणपरंपरेला यंत्राने नवे आयुष्य दिले.

७/ परंतु याच काळात देश हातचा गेला. १९०९ च्या प्रकाशन कायद्याने छपाईपूर्वी परवानगी सक्तीची केली. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. राष्ट्राभिमान जागवणारी चरित्रे व इतिहासग्रंथ जप्त झाले. प्रेमकथांना मोकळीक मिळाली, इतिहासाला नाही.

८/ म्हणून मुद्रणाचा इतिहास केवळ यंत्रांच्या सनावळीने लिहिता येत नाही. कोणत्या लिपीत, कोणासाठी आणि कोणाच्या परवानगीने छापले, हे विचारावे लागते. कोरियन माणसाच्या हाती स्वतःच्या लिपीतले पुस्तक आले, तेव्हा त्यात काय छापावे हे ठरवणारा हात परका होता.