नाग्या (‘जैत रे जैत’)

गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांच्या ‘जैत रे जैत’ (१९६५) या कादंबरीचा नायक. कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर भगताचा मुलगा. जब्बार पटेल यांच्या १९७७ च्या चित्रपटात ही भूमिका मोहन आगाशे यांनी केली. नायिका चिंधी झाल्या होत्या स्मिता पाटील.

राणीमाशी पुण्यवंतालाच दिसते, असे नाग्याच्या कानी पडते आणि तो पुण्यवंत व्हायचे मनावर घेतो. लिंगोबाच्या डोंगरावर जातो, तर तिथल्या मोहोळाच्या माश्या त्याच्यावर तुटून पडतात. एक डोळा जातो. पुण्याचा हिशेब तिथेच मागे पडतो, उरतो तो सूड. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्यावर जीव टाकते आणि त्याच्या हट्टात सामील होते. मोहोळ अखेर पडते. त्या झुंजीत चिंधी मरते.

अशा माणसाला थोर म्हणावे काय? त्याची जिद्द कोणालाही भुरळ घालील. पण तक्रार माशीकडूनही ऐकायला हवी. कर्नाळ्याच्या सुळक्यावर काय किंवा लोणावळ्याच्या बाजूच्या कड्यांवर काय, आग्या मोहोळ ओळीने लटकलेले असते. डिवचले की माश्या उठतात, त्या पोळे राखायला. पापपुण्य त्यांच्या गावी नाही. डोंगरातले मध काढणारे रात्री धूर करून जातात, मध घेतात आणि गुमान परततात, कारण पुढल्या साली पुन्हा तिथेच यायचे असते. नाग्या मधासाठी जातच नाही. रानात वाढलेल्या पोराने रानाचीच रीत मोडली, हा त्याचा खरा दोष. अहंकार वगैरे नंतरचे.

हर्मन मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’मधला (१८५१) कप्तान अहाबही असाच. पाय गमावून देवमाशाच्या मागे लागतो आणि जहाजासकट बुडतो. निकाल समुद्रच देऊन टाकतो. दांडेकरांनी नाग्याला जिंकू दिले, हे जास्त अवघड. हरला असता तर बिचारा म्हणून सुटला असता. जिंकल्यामुळे त्याला जाब विचारता येतो.

दांडेकरांचाच दुसरा नायक, ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीतला बुधा, मुंबई सोडून राजमाचीवर परततो आणि डोंगराशी कसलेही वैर धरत नाही. निर्दोषपणाच्या मापाने थोर तोच. मात्र बुधाजवळ निवांत बसावेसे वाटते; नाग्यामागे धापा टाकत चढावे लागते आणि चढताना त्याचा राग येत राहतो. कादंबरीची ताकद या रागात आहे.

ध्यासाच्या बळावर नाग्याला थोर म्हणायला हरकत नाही, पण त्या थोरवीचा खर्च त्याने एकट्याने उचललेला नाही. चिंधीला पुण्य नको होते आणि राणीमाशीशी तिचे मूळचे भांडणही नव्हते. तिला नाग्या हवा होता.