हुशार मित्र चांगलं शिकवतोच का? कॉलेजमधल्या पिअर ट्यूटरना प्रमाणित प्रशिक्षण कशासाठी लागतं?

कॅल्क्युलसचा पेपर चार दिवसांवर आलाय. एक विद्यार्थी वही घेऊन कॉलेजच्या लर्निंग सेंटरमध्ये येतो. समोर बसलेली ट्यूटर त्याच्यापेक्षा एकच वर्ष पुढे आहे आणि या विषयात तिला 'ए' ग्रेड आहे. ती गणित बघते, पेन उचलते आणि पाच मिनिटांत सोडवून दाखवते. "कळलं?" ती विचारते. "हो," तो म्हणतो. दोघंही खूश.

चार दिवसांनी पेपरात तसंच गणित येतं, फक्त आकडे वेगळे. आणि हा कोऱ्या कागदाकडे बघत बसतो.

चूक नेमकी कुठे झाली? ट्यूटरला विषय उत्तम येत होता आणि मदत करायची इच्छाही होती. पण स्वतःला येणं वेगळं आणि दुसऱ्याला यावं म्हणून मदत करणं वेगळं. हे दुसरं काम शिकावं लागतं. म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांमध्ये पिअर ट्यूटरना प्रमाणित प्रशिक्षण दिलं जातं. त्यात काय असतं, त्याचा फायदा कोणाला होतो आणि त्याच्या मर्यादा काय, हे समजून घेऊया.

पिअर ट्यूटर म्हणजे कोण?

पिअर म्हणजे बरोबरीचा. पिअर ट्यूटर हा प्राध्यापक नसतो आणि खासगी क्लासवालाही नसतो. तो त्याच कॉलेजचा विद्यार्थी असतो. एखादा विषय चांगल्या ग्रेडने पास झालेला, प्राध्यापकाने शिफारस केलेला किंवा मुलाखतीतून निवडलेला. कॉलेज त्याला बहुतेक वेळा तासावर पैसे देतं. मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ही सोय सहसा मोफत असते.

ही पद्धत आली कुठून?

मुलांनी मुलांना शिकवण्याच्या कल्पनेचा एक धागा थेट भारतात सापडतो. अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मगुरूने अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या एका अनाथ मुलांच्या शाळेत मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवून घेतलं. १७९७ मध्ये त्याने या प्रयोगावर पुस्तिका काढली आणि 'मद्रास पद्धत' म्हणून ती इंग्लंडमध्ये पसरली.

आजच्या कॉलेज ट्यूटरिंगची गोष्ट मात्र १९७० च्या दशकातली. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या हायस्कूल पास विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाचं दार खुलं केलं. हजारो मुलं घरातली पहिली कॉलेजला जाणारी होती. त्यांच्यासाठी मदतीची सोय केली, पण अनेक जण तिथे फिरकेनात. याच विद्यापीठाच्या ब्रुकलिन कॉलेजमधले प्राध्यापक केनेथ ब्रुफी यांनी वेगळा मार्ग धरला. विद्यार्थ्यांनाच ट्यूटर केलं आणि त्या ट्यूटरना आधी शिकवलं.

१९७३ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डिअ‍ॅना मार्टिन यांनी 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' सुरू केलं. त्यात कच्च्या मुलांवर शिक्का मारण्याऐवजी अवघड विषय निवडले जातात आणि त्या विषयात आधी चांगलं यश मिळवलेला प्रशिक्षित विद्यार्थी सर्वांसाठी गटाने अभ्याससत्रं घेतो.

प्रमाणपत्र नेमकं कोणाला मिळतं?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. अमेरिकेत या क्षेत्रातलं सर्वांत परिचित प्रमाणन 'कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन' म्हणजेच सीआरएलए या संस्थेचं आहे. ते १९८९ पासून सुरू आहे. पण ही संस्था एकेका ट्यूटरची परीक्षा घेत नाही. ती कॉलेजचा प्रशिक्षण कार्यक्रम तपासते. ट्यूटरची निवड कशी होते, काय शिकवलं जातं, किती तास आणि कोण शिकवतं, कामाचं मूल्यमापन होतं का, हे सगळं पाहिलं जातं. कार्यक्रम मान्य झाला की कॉलेज आपल्या ट्यूटरना प्रमाणपत्र देऊ शकतं.

त्याचे तीन स्तर आहेत. प्रत्येक स्तरासाठी किमान १० तासांचं प्रशिक्षण आणि किमान २५ तास प्रत्यक्ष ट्यूटरिंगचा अनुभव लागतो. नुसतं व्याख्यान ऐकून प्रमाणपत्र मिळत नाही.

या १० तासांत काय शिकवतात?

यात गणित किंवा केमिस्ट्री नसते, ती ट्यूटरला आधीच येते. शिकवल्या जातात त्या या गोष्टी:

- सत्राची सुरुवात आणि शेवट: आज नेमकं काय साधायचं हे आधी ठरवायचं. शेवटी विद्यार्थ्यालाच सांगायला लावायचं की तो काय शिकला.
- ऐकणं: विद्यार्थी कुठे अडलाय हे त्याच्या बोलण्यातून शोधायचं आणि ते आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करायची.
- प्रश्न विचारणं: 'कळलं का?' ऐवजी 'ही पायरी तू का केलीस?' किंवा 'आता पुढे काय करशील?' असं विचारायचं. पेन शक्यतो विद्यार्थ्याच्या हातात ठेवायचं.
- मर्यादा ओळखणं: गृहपाठ करून द्यायचा नाही. ट्यूटरने लिहिलेलं उत्तर विद्यार्थ्याच्या नावावर गेलं, तर दोघंही अडचणीत येऊ शकतात.
- योग्य जागी पाठवणं: समोरचा विद्यार्थी ताणाखाली असेल, तर स्वतः समुपदेशक व्हायचं नाही, त्याला समुपदेशन केंद्राची वाट दाखवायची.
- गोपनीयता: कोण मदतीला आलं, कोणाला किती मार्क पडले, हे मित्रांच्या गप्पांत येता कामा नये. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींसाठी अमेरिकेत १९७४ पासून स्वतंत्र कायदा आहे.

याने खरंच फरक पडतो का?

हंटर बॉयलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात नुसत्या ट्यूटरिंगचा विद्यार्थ्यांच्या यशाशी ठळक संबंध दिसला नाही. जिथे ट्यूटरना प्रशिक्षण दिलं जात होतं, तिथे मात्र तो दिसला. म्हणजे ट्यूटर नेमून भागत नाही, त्याला तयारही करावं लागतं.

ट्यूटरने कमी बोलावं, यालाही आधार आहे. मिशेलीन ची आणि सहकाऱ्यांच्या २००१ मधल्या प्रयोगात विषय होता रक्ताभिसरण आणि शिकणारी होती आठवीची मुलं. ट्यूटरना सांगितलं गेलं की समजावून सांगू नका, फक्त मुलांना बोलतं करा. तरीही ही मुलं समजावून सांगितलेल्या मुलांइतकंच शिकली.

आर्थर ग्रेसर आणि नॅटली पर्सन यांना १९९४ च्या अभ्यासात दिसलं की वर्गाच्या तुलनेत ट्यूटरिंगमध्ये विद्यार्थी सुमारे २४० पट जास्त प्रश्न विचारतात. पण यशाशी नातं होतं ते प्रश्नांच्या दर्जाचं, संख्येचं नाही. चांगला प्रश्न सुचायला समोरच्याने जागा द्यावी लागते, आणि सगळा वेळ ट्यूटरच बोलत असेल तर ती मिळत नाही.

ट्यूटरला स्वतःला काय मिळतं?

शिकवताना आपलंही पक्कं होतं, हा अनेकांचा अनुभव. पण ते आपोआप होत नाही. रॉड रॉस्को आणि मिशेलीन ची यांनी २००७ मध्ये आधीच्या संशोधनाचा आढावा घेतला. बरेच ट्यूटर माहीत असलेलं फक्त सांगून टाकतात. जे सांगताना स्वतः विचार करतात, दुवे जोडतात आणि अवघड प्रश्नांना सामोरे जातात, त्यांचं शिकणं खोल होतं. ही सवय लावण्याचं काम प्रशिक्षण करू शकतं.

बाकीचे फायदे व्यवहाराचे. अनेक कॉलेजांमध्ये पुढचा स्तर गाठला की तासाचा दर वाढतो. बायोडेटात नोंद होते. तिसऱ्या स्तरापर्यंत पोहोचलेले अनुभवी ट्यूटर नव्यांना तयार करायला मदत करतात.

मराठी विद्यार्थ्यांचा याच्याशी काय संबंध?

पुणे, मुंबई, नागपूरहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांना एफ-१ व्हिसावर सत्र सुरू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. ट्यूटरिंग हे त्यातलंच एक काम. आपल्याकडे मित्राला असाइनमेंट उतरवायला देणं ही मैत्री मानली जाते. तिथे तेच शिस्तभंगाचं प्रकरण होऊ शकतं. ही सीमारेषा प्रशिक्षणात पहिल्यांदाच स्पष्ट होते.

भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळेच्या पातळीवर पिअर ट्यूटरिंगचा उल्लेख आहे आणि ते प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावं, असं म्हटलं आहे. कॉलेजात तर हे अनौपचारिकपणे चालूच असतं. पेपरच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या एका खोलीत जमलेली दहा मुलं आणि केटी सोडवायला मदत करणारा एक 'टॉपर', हेही पिअर ट्यूटरिंगच.

मर्यादा काय?

प्रमाणपत्र म्हणजे हमी नाही. १० तासांत कोणी शिक्षक होत नाही. प्रशिक्षण देणाऱ्या कॉलेजांमध्ये इतरही सोयी चांगल्या असू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय प्रशिक्षणालाच देता येत नाही. शिवाय त्यासाठी माणसं, वेळ आणि पैसा लागतो. प्रशिक्षणाच्या तासांचे पैसे मिळाले नाहीत, तर अर्धवेळ काम करून शिकणारे विद्यार्थी ट्यूटर व्हायला पुढे येत नाहीत.

तरीही मुद्दा उरतोच. मदत मागायला येणारा विद्यार्थी आधीच धीर करून आलेला असतो. त्या तासाभरात त्याला काहीच हाती लागलं नाही, तर तो पुन्हा येईलच असं नाही. 'विषय आपल्या डोक्याबाहेरचा आहे' असं ठरवून कदाचित तो विषयच सोडून देईल.

सुरुवातीच्या त्या ट्यूटरने पेन खाली ठेवून "पहिली पायरी तू कर, मी बघते" एवढंच म्हटलं असतं, तर विद्यार्थी कुठे अडतोय हे पेपरात कळण्याऐवजी चार दिवस आधीच कळलं असतं.