चिंध्यांचा इतिहास

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत ट्रंकेच्या तळाशी आईच्या नऊवारीचा हातभर तुकडा सापडला आणि साठी उलटलेल्या मला एकदम बाहुली करावीशी वाटली.

"आता, या वयात?" ह्यांनी विचारलं.

"मग कुठल्या वयात? तेव्हा आई करून द्यायची. माझी पाळी आत्ता आली!"

लहानपणी श्रीरामपुरात माझ्या दोन बाहुल्या होत्या. सुताराची लाकडी ठकी आणि आईची चिंध्यांची बाहुली. आई कापसाचा गोळा चिंधीत बांधी, काजळाचे डोळे काढी, की झाली नवरी तयार! माझ्या बाहुलीची मान मात्र काही केल्या ताठ राहीना. तिसऱ्यांदा मुंडकं हातात आलं, तेव्हा हे म्हणाले, "राहू दे. इनामगावच्या उत्खननातही बिनशिराचीच देवी निघाली होती."

ह्यांना इतिहासाची भारी हौस. पण त्या बाबतीत आमचा अहिल्यानगर जिल्हा (जिभेवर अजून 'नगर'च येतं!) काही कमी नाही. आमच्याच तालुक्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला, १९७४ साली झाडाचं मूळ खणताना ब्राँझचा बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाले. गेंड्यारेड्यांना चक्क चाकं! पण सगळ्यांचं वजन साठ किलोंच्या वर. कुठलं पोर ओढणार? म्हणून काही जाणकार म्हणतात, ही मिरवणुकीतली असावीत.

असोत. पण दायमाबादच्या पोरींनी लग्नं काय गेंड्यांची लावली? त्यांच्याही चिंध्यांच्या बाहुल्या असणारच. ब्राँझ उरलं, चिंध्या मातीत गेल्या, एवढंच. नेवाशाला १९५४ ते ५६च्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या संगतीनं आतलं सूतही तगलं होतं. कुणा आईनंच ओवलं असणार ते.

हे आठवलं आणि माझी कात्री थांबली. आईचा एवढाच तुकडा उरलेला. कापावा, की ट्रंकेत जपावा?

कापला. जपून ठेवायला थोडंच नेसली होती आई ते! मग हातांनाच आठवलं, आई मानेत खराट्याची काडी घालायची. मान ताठ उभी राहिली.

नात आता बाहुलीला एका पायाला धरून घरभर फरफटत हिंडते. महिन्याभरात फाटेल. परवा ती म्हणाली, "आजी, दुसरी मी करणार."

चिंध्या शोधते आहे. ह्यांचा एक जुना सदरा नजरेत भरला आहे.