वीस मिती, एक मोबाइल आणि कोसंबी

आज गणिताचा इतिहास. घाबरू नका, वही-पेन लागणार नाही.

समजा, गिरगाव चौपाटीच्या वाळूचं क्षेत्रफळ काढायचंय. नकाशावर चौकटी आखा, वाळूवरच्या मोजा. झालं! इंटिग्रल म्हणजे साधारण हेच, छोट्या तुकड्यांची बेरीज. प्रत्येक बाजूचे १० भाग केले तर दोन मितींत १०० चौकटी, तीन मितींत १,०००. दहा मिती झाल्या की थेट १,००० कोटी. आणि वीस? मोबाइलने सेकंदाला १०० कोटी चौकटी तपासल्या, तरी तीन हजार वर्षं लागतील.

पण वीस मिती येतात कुठून? शेअरच्या महिनाभराच्या सरासरी भावावर ठरणारा ऑप्शन घ्या. बाजाराचे साधारण वीस दिवस, रोजची अनिश्चितता म्हणजे एकेक मिती. त्याची किंमत काढणं म्हणजे वीस मितींचं इंटिग्रल.

यावर तोड निघाली पत्त्यांच्या डावातून. १९४६ मध्ये आजारातून उठताना स्टॅनिस्लाव उलाम एकटेच पत्ते खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता हिशेबाने काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून बघावेत, असं त्यांना सुचलं. जॉन फॉन नॉयमन यांच्यासोबत त्यातून ‘माँटे कार्लो’ पद्धत उभी राहिली. चौकटी विसरा. नकाशावर डोळे मिटून ठिपके टाका आणि किती वाळूवर पडले ते बघा. ठिपके १०० पट केले की चूक साधारण १० पट कमी होते, मिती दोन असोत की वीस. ‘आर’ या मोफत सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये हे चार ओळींत होतं.

तरी १० पट अचूकतेसाठी १०० पट काम, म्हणजे सौदा महागच. इथे येतात दामोदर धर्मानंद कोसंबी. हो, तेच, प्राचीन भारताचे इतिहासकार! मूळचे गोव्याचे, पेशाने गणिती. १९४३ मध्ये, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना, त्यांनी एक निबंध छापला. वेड्यावाकड्या रेषेला अनंत मिती असतात, पण तिची हालचाल स्वतंत्र दिशांमध्ये मोडता येते, आणि त्यातल्या मोजक्याच दिशा वजनदार असतात. शेअरच्या भावासाठी वापरतात त्या ब्राउनियन गतीत पहिल्या एकाच दिशेत सुमारे ८१ टक्के चढउतार येतो, दोन दिशांत ९० टक्के. म्हणजे ठिपके आंधळेपणाने टाकायची गरज नाही. या मोजक्या दिशांत ते नीट पसरून टाकले, की कमी ठिपक्यांत जास्त अचूक उत्तर मिळतं.

पुढे होमी भाभांनी कोसंबींना मुंबईत टीआयएफआरमध्ये बोलावलं. ते पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर इंग्लंड-अमेरिकेत जाऊन त्यांनी गणकयंत्रांचाही अभ्यास केला. टीआयएफआरचं स्वतःचं यंत्र, टिफ्रॅक, सुरू झालं १९६० मध्ये. त्याची मेमरी २,०४८ शब्दांची, आजच्या हिशेबात जेमतेम १० केबी. कोसंबींचा निबंध त्याच्याही सतरा वर्षं आधीचा!

नाव मात्र दुसऱ्यांचं लागलं. फिनलंडचे कार्हुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी नंतर स्वतंत्रपणे तेच मांडलं, आणि पाठ्यपुस्तकांत ‘कार्हुनेन-लोएव्ह’ रुजलं. अलीकडे काही अभ्यासक त्याआधी कोसंबींचं नाव जोडतात. तुम्हीही कुठे शिकवाल, कोडमध्ये कमेंट लिहाल, तेव्हा ते जोडा. दहा अक्षरंही वाढत नाहीत.

भेटू पुढच्या भागात!